ऱ्योकान की मिन्शुकु? ओन्सेनच्या गावात मुक्काम ठरवताना

जपानला निघालेल्या बहुतेकांच्या यादीत एक ओळ ठरलेली असते: एक रात्र ओन्सेनच्या गावात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, गादी घालून. मग बुकिंगच्या साइटवर दोन नावं दिसू लागतात, ऱ्योकान आणि मिन्शुकु. फोटो बघावेत तर दोन्हीकडे तेच: गवती चटयांची खोली, कागदी सरकती दारं, बुटकं टेबल, वाफाळणारं पाणी. फरक दिसतो तो फक्त दरात. त्यावरून 'मिन्शुकु म्हणजे स्वस्तातलं ऱ्योकान' असा समज होतो आणि त्यापायी दोन्हीकडे हिरमोड होतो. ऱ्योकान घेणारे दिवसभर भटकून रात्री आठला पोचतात आणि ज्यासाठी पैसे मोजले ते सगळं तोवर संपलेलं असतं. मिन्शुकु घेणारे, आता कोणी येऊन गाद्या घालेल म्हणून वाट बघत बसतात.

हा दर्जाचा फरक नाहीच. ऱ्योकानमध्ये तुम्ही एक अख्खी संध्याकाळ विकत घेता. ती दुसऱ्या कोणीतरी तुमच्यासाठी बारकाईने आखलेली असते आणि तुम्ही फक्त तिच्या हवाली व्हायचं असतं. मिन्शुकुत तुम्ही एका कुटुंबाच्या घरात राहायला जाता. संध्याकाळ कशी घालवायची ते तुमच्यावर आणि त्या गावावर. कोकणात दिवेआगर-गुहागरला 'घरगुती राहण्या-जेवण्याची सोय' असते, मिन्शुकु त्याच जातकुळीतलं. ते ज्याला आवडतं त्याला रिसॉर्ट परवडत नाही म्हणून तो तिथे जातो असं आपण म्हणत नाही. तसंच इथेही.

पाण्याचा पत्ता या दोन्ही नावांत नाही

सगळ्यात मोठा घोळ पाण्याचा होतो. ऱ्योकान म्हटलं की ओन्सेन असणारच, असं धरून चालू नका. क्योतोमधली तावाराया आणि हिइरागिया ही जपानभर नावाजलेली ऱ्योकानं भर शहरात आहेत. तिथे न्हाणीतल्या लाकडी टबात तापवलेलं साधं पाणी असतं. उलट नागानोच्या डोंगरातल्या एखाद्या साध्याशा मिन्शुकुच्या न्हाणीत थेट झऱ्याचं, गंधकाच्या वासाचं पाणी दिवसरात्र पडत असतं.

ओन्सेन कशाला म्हणायचं हे १९४८ च्या कायद्याने ठरवून दिलं आहे. जमिनीतून वर येताना पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी घटक ठरल्या प्रमाणात त्यात हवा. त्यामुळे गार झरासुद्धा खनिजांच्या बळावर ओन्सेन ठरतो आणि त्याचं पाणी तापवून हौदात सोडतात. पाण्यात काय काय आहे त्याचा तक्ता आलेल्यांना दिसेल असा लावावा लागतो. बहुधा तो कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर असतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हौदात येणारं पाणी ताजं असून ओसंडून वाहून जातं, की तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून फिरवलं जातं. 'गेन्सेन काकेनागाशी' असं लिहिलेलं असेल तर पहिला प्रकार. शंभर खोल्यांच्या ऱ्योकानाला मोठमोठे हौद भरायचे असतात, त्यामुळे पाणी फिरवणं बहुधा भाग पडतं. सात-आठ खोल्यांच्या जागेची न्हाणी लहान. झरा बेताचा असला तरी ती वाहती ठेवता येते. ज्याला मुख्यतः पाण्यासाठीच जायचं आहे त्याने खोलीचे फोटो बघत बसण्यापेक्षा हे दोन शब्द शोधावेत.

कायद्यातली विभागणी मात्र आता जवळजवळ निरुपयोगी आहे. २०१८ पर्यंत ऱ्योकानच्या परवान्यासाठी किमान ५ खोल्या लागत. त्या वर्षी ती अट गेली आणि हॉटेल व ऱ्योकान एकाच वर्गात टाकले गेले. बरीच मिन्शुकु 'साधी निवासव्यवस्था' या वेगळ्या परवान्यावर चालतात. शिवाय मिन्पाकु नावाचं तिसरंच प्रकरण आहे: राहतं किंवा रिकामं घर पाहुण्यांना देणं, वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवस. तिथे किल्ली मिळते, जेवण नाही. नावं सारखी वाटतात, तेव्हा बुकिंग करताना नीट वाचा.

ऱ्योकान: दुपारी तीनला पोचा

ऱ्योकानचा दिवस दुपारी ३ ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला संपतो. या वेळा घट्ट असतात. दारात बूट काढायचे. ते उचलून ठेवले जातात. सपाता घालून आत आलात की नाकाई-सान, म्हणजे तुमच्या खोलीचं बघणारी बाई, तुम्हाला खोलीत नेते. तातामीवर पाय ठेवण्याआधी सपाताही काढायच्या. टेबलावर चहाचं सामान आणि गावातला एखादा गोड पदार्थ मांडलेला असतो. ती गुडघ्यांवर बसून चहा करते आणि दोन प्रश्न विचारते: जेवण किती वाजता, आणि युकाता, म्हणजे अंगावर गुंडाळायचा सुती झगा, कोणत्या मापाची. या दोन उत्तरांवर तुमची पुढची सगळी संध्याकाळ उभी राहते. जेवणाची वेळ बहुधा ६ ते साडेसातच्या दरम्यानचीच निवडता येते, कारण स्वयंपाकघर त्या वेळेवर बेतलेलं असतं. उशिरा येणार असाल तर जेवण मिळणार नाही असं बऱ्याच ठिकाणी आधीच स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग युकाता घालून न्हाणीत. डावा पदर उजव्यावर. उलटं नेसवतात ते फक्त मृतदेहाला, एवढं एक लक्षात ठेवलं की पुरे. जेवणाआधी एकदा, झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा असं तीनदा पाण्यात उतरणारे लोक मी कौतुकाने पाहते. त्यांना ऱ्योकान कळलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी पुरुषांची आणि बायकांची न्हाणी रात्रीतून अदलाबदल करतात, म्हणजे एका मुक्कामात दोन्ही बघता याव्यात. म्हणून सकाळी झोपेत कालच्याच दारात शिरू नका, दारावरच्या पडद्यावर पुरुषांचं अक्षर आहे की बायकांचं ते बघा.

जेवण हा ऱ्योकानचा गाभा. काइसेकी पद्धतीत छोट्या छोट्या ताटल्या एकामागून एक येतात, प्रत्येकीत ऋतूतलं काहीतरी. तुमच्यासमोर तळहाताएवढी मातीची किंवा लोखंडी कढई ठेवलेली असते, खाली मेणासारख्या घट्ट इंधनाची वडी. नाकाई-सान ती पेटवून जाते आणि सांगते की आग आपोआप विझली की खायला घ्या. वडीचा आकार पदार्थ शिजायला लागणाऱ्या वेळेइतकाच असतो. मला ऱ्योकानमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: कोणीतरी तुमच्या जेवणाची मिनिटं मोजून ठेवलेली असतात आणि त्याचा तुम्हाला पत्ताही लागू देत नाहीत. जेवून येईतो टेबल बाजूला सरकवून फुतोन, म्हणजे जमिनीवरच्या गाद्या, अंथरलेले असतात.

हे सगळं चालवणारी मालकीण म्हणजे ओकामी. पाहुण्यांची नावं, आवडीनिवडी, कोणाला जिना चढवत नाही, हे तिच्या डोक्यात असतं. ऱ्योकानं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहिली त्यात या बायकांचा वाटा फार मोठा आहे. यामानाशीमधलं निशियामा ओन्सेनचं केइउनकान इ. स. ७०५ मध्ये सुरू झालं असं मानतात, आणि जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे.

आता दर. ऱ्योकानचा दर बहुधा माणशी असतो, खोलीचा नाही, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. आपल्याकडचे लोक इथे हमखास फसतात: २०,००० येन बघून दोघांची खोली समजतात आणि हिशोब दुप्पट निघतो. साधारणपणे माणशी १५,००० ते ३०,००० येन हा मधला पट्टा, वर कितीही. त्यावर न्हाणीचा स्थानिक कर असतो, बहुतेक गावांत माणशी १५० येन. खोलीला लागून स्नानगृह असेलच असं नाही. चांगल्या जुन्या ऱ्योकानांतही खोलीत फक्त शौचालय आणि बेसिन असतं, अंघोळ खाली ओन्सेनमध्ये. तो कमीपणा नाही, सगळी वास्तूच त्या हौदाभोवती बांधलेली असते.

मिन्शुकु: गाव हेच अंगण

नोझावा ओन्सेन हे नागानो प्रांतातलं स्कीचं गाव. होकुरिकु शिंकानसेन या बुलेट ट्रेनने इइयामाला उतरायचं, तिथून बसने साधारण २५ मिनिटं. गावात १३ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि ती फुकट आहेत. दाराशी एक पेटी असते, मनात असेल तर नाणं टाका. त्यांची देखभाल नगरपालिका करत नाही. आसपासच्या घरांचे गट ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत: पाळ्या लावून झाडणं, हौद घासणं, दिव्यांचा खर्च वाटून घेणं. पाणी कडक गरम असतं. गावाच्या वरच्या अंगाला ओगामा नावाचे उकळत्या पाण्याचे झरे आहेत, तिथे गावकरी नोझावाना ही पालेभाजी आणि अंडी उकडून घेतात. ती जागा कुंपणाने राखलेली आहे, पाहुण्यांनी आत जायचं नाही.

अशा गावात मिन्शुकु शोभतं. दारात ओले बूट, बाजूला स्की वाळवायची उबदार खोली. घरातली आजी किंवा सून येऊन खोली दाखवते. सामान तुम्हीच उचलायचं. खोलीत थर्मास, चहा, कपाटात गाद्या. त्या तुम्हीच घालायच्या, सकाळी तुम्हीच घडी घालून ठेवायच्या. टॉवेल बऱ्याचदा आपला न्यावा लागतो, शौचालय सामायिक, आणि भिंती इतक्या पातळ की शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येतं. जेवणाच्या खोलीत प्रत्येकाच्या जागी नावाची चिठ्ठी असते. सगळं जेवण एकदम मांडलेलं: मासा, पोर्कचं काही, रानभाज्यांचं तेम्पुरा, लोणची, मिसो सूप. कोपऱ्यात भला मोठा राइस कुकर, भात हवा तेवढा आपल्या हाताने वाढून घ्यायचा. टीव्ही चालू असतो. शेजारच्या टेबलावरचे आजोबा तुम्ही कुठले म्हणून विचारतात, आणि दोन्हीकडून मोडक्यातोडक्या शब्दांत गप्पा होतात. ऱ्योकानमध्ये एकांतात जेवताना हे कधीच घडणार नाही.

जेवण झालं की टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरांच्या फेरीला निघायचं. मिन्शुकुत संध्याकाळ अशी बाहेर घडते. म्हणून ते निवडताना खोलीपेक्षा गाव बघा. गावात सार्वजनिक न्हाणी नाहीत, सातनंतर सगळं बंद, आणि मिन्शुकुच्या घरी साधा शॉवर, अशा ठिकाणी स्वस्तात राहून हाती काही लागत नाही. दोन जेवणांसह माणशी ७,००० ते १०,००० येनच्या आसपास दर असतो. बऱ्याच ठिकाणी अजूनही रोखच लागते.

किनोसाकीचं उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथे हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात. ह्योगो प्रांतातलं हे गाव स्वतःला एकच मोठं ऱ्योकान मानतं: स्टेशन हे प्रवेशद्वार, रस्ते म्हणजे मार्गिका, ऱ्योकानं म्हणजे खोल्या आणि सार्वजनिक न्हाणीघरं म्हणजे सगळ्यांचं न्हाणीघर. १९२५ च्या भूकंपात गाव जळालं. पुन्हा उभारणी होत असताना एका ऱ्योकानाने स्वतःच्या आवारात झऱ्याचं पाणी घेतलं आणि गाव पेटून उठलं. सगळ्यांनी आपापली न्हाणी काढली तर रस्त्यावर येईल कोण, आणि लहान दुकानदारांनी जगायचं कसं? भांडण कोर्टात गेलं, वीस वर्षांहून जास्त चाललं, १९५० मध्ये समेट झाला: आत न्हाणी चालेल, पण लहान. म्हणूनच आज तिथल्या महागड्या ऱ्योकानातला पाहुणाही युकाता आणि लाकडी गेता घालून टकटक करत बाहेरच्या न्हाणीला जातो आणि त्याचा पास मुक्कामाच्या पैशांतच येतो. ज्यांना ऱ्योकानचा पाहुणचारही हवा आणि गावात हिंडणंही हवं, त्यांनी डोळे मिटून किनोसाकी घ्यावं.

शाकाहारी असाल तर

इथे निवड बहुतेक वेळा जेवणावरच ठरते. अडचण मांसाच्या तुकड्याची नसते, दाशीची असते. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचे पातळ पापुद्रे, यांचं पाणी जपानी स्वयंपाकात सगळीकडे असतं: मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, तोफूवरच्या रसात, तेम्पुराच्या चटणीत. ताटात मासा दिसत नाही, म्हणून स्वयंपाकी प्रामाणिकपणे 'हे शाकाहारी आहे' म्हणतो. 'आम्ही शाकाहारी आहोत' एवढं लिहिणं म्हणूनच पुरत नाही. मांस नको, मासा नको, अंडं नको, माशाची दाशी नको, कोम्बु आणि शिइताके अळंबीची दाशी चालेल, असं एकेक करून जपानीत लिहा, आणि तेही बुकिंग करताना. ऱ्योकानमध्ये सामान काही दिवस आधी मागवलेलं असतं. दारात उभं राहून सांगितलं तर त्यांची आणि तुमची दोघांची पंचाईत होते. आधी कळलं तर चांगलं ऱ्योकान मनापासून करतं. नसेल जमणार तर नाही म्हणतं, आणि त्या नकाराचा राग मानू नये.

मिन्शुकुत घरचाच स्वयंपाक, त्यामुळे दोन्ही टोकं दिसतात. समजून घेणारी बाई भेटली तर भात, तोफू, रानभाज्या आणि लोणच्यांवर उत्तम जेवण होतं. नाहीतर 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसतं राहणं निवडा आणि गावात रात्री काय उघडं असतं ते आधी बघून ठेवा. जैन पद्धत काटेकोर पाळणाऱ्यांनी काइसेकीच्या वाटेला जाऊ नये. तातामी, फुतोन आणि निर्धास्त जेवण हवं असेल तर वाकायामामधल्या कोयासानवर मठांच्या धर्मशाळा आहेत. तिथलं शोजिन जेवण मांसमासेविरहित असतं, कांदा-लसूणही टाळलेला असतो, आणि पहाटेच्या प्रार्थनेला बसता येतं. ओन्सेन मग दुसऱ्या एखाद्या गावी दिवसाच्या तिकिटावर करावं. बरीच ऱ्योकानं मुक्काम न करणाऱ्यांनाही दुपारी न्हाणी उघडी ठेवतात.

अंघोळीचा संकोच

कपड्यांशिवाय अनोळखी लोकांत उतरणं आपल्या लोकांना, विशेषतः बायकांना, जड जातं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यासाठी ओन्सेन सोडायचीही गरज नाही. बऱ्याच ऱ्योकानांत 'काशिकिरी' न्हाणी असते. ४०-५० मिनिटांसाठी ती फक्त तुमच्या कुटुंबाची. पुष्कळ मिन्शुकुत तर न्हाणीच एवढीशी असते की आतून कडी लावून पाळीपाळीने जायचं. मात्र अंघोळ झाल्यावर हौदाचं बूच काढून पाणी सोडून देऊ नका, तुमच्यानंतर बाकीचे पाहुणे त्याच पाण्यात उतरणार असतात. म्हणूनच आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, केस वर बांधलेले, टॉवेल पाण्याबाहेर. हौद फक्त शेकायला. पाणी ४०-४२ अंशांचं असतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी थोडा वेळ बसावं, बाहेर यावं, पुन्हा उतरावं.

चांदीची जोडवी आणि पैंजण काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यात ती काळी पडतात. गोंदण असलेल्यांना बऱ्याच न्हाण्यांत मनाई असते. किनोसाकीच्या सार्वजनिक न्हाणीघरांत ती नाही. हातभर ताजी मेंदी असेल तर काउंटरवर आधीच दाखवून सांगितलेलं बरं.

कोणासाठी काय

आईवडिलांना घेऊन जात असाल तर ऱ्योकान. गुडघे दुखत असतील तर बसायला खुर्ची-टेबल आणि झोपायला पलंग असलेली खोली मागा, हल्ली बऱ्याच ठिकाणी मिळते. मिन्शुकुचे जिने उभे असतात. लहान मुलांना दोन्हीकडे जमिनीवर लोळायला आवडतं, पण काही ऱ्योकानं लहान मुलं घेत नाहीत, ते बघून ठेवा. एकटे फिरणाऱ्यांना अनेक ऱ्योकानं खोलीच देत नाहीत किंवा जास्त दर लावतात. त्यांना मिन्शुकु सोयीचं. मला स्वतःला दोन-तीन रात्री एका गावात राहायचं असेल तर मिन्शुकुच आवडतं, कारण ऱ्योकानचं जेवण दुसऱ्या रात्री जड वाटू लागतं. आणि ज्या दिवशी तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत शहर बघणार आहात, त्या दिवशी दोन्ही नको, स्टेशनजवळचं साधं हॉटेल घ्या.

मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, पुढच्या शहरातल्या हॉटेलवर आदल्या दिवशी पाठवा. तातामीवरून चाकं ओढत न्यायची नसतात, आणि मिन्शुकुच्या जिन्यावरून ती चढवणं म्हणजे शिक्षाच. बुकिंग रद्द करायचं झालं तर ऱ्योकानचं रद्द करण्याचं शुल्क शेवटच्या काही दिवसांत झपाट्याने वाढतं, आयत्या वेळी पूर्ण रक्कमही जाते. हंगामाचंही बघा: जानेवारी-फेब्रुवारीतल्या शनिवारी नोझावात मिन्शुकु मिळणं मुश्किल असतं, आणि किनोसाकीत नोव्हेंबर ते मार्च खेकड्यांचा हंगाम, तेव्हा दर चढलेले आणि प्रत्येक ताटात खेकडा. शाकाहारी मंडळींनी तिथे एप्रिल ते जूनच्या दरम्यान जावं.